मेख एका डावाच्या मर्यादेत आहे

ऑनलाइन कॅसिनोच्या बोनसवरच्या तुमच्या लेखात तीसपटीचं गणित, म्हणजे पैसे काढण्याआधी बोनसच्या तीसपट रकमेचे डाव लावायची अट, नीट मांडलंय, पण एका डावाची कमाल मर्यादा मात्र एका ओळीत उरकलीत. खरी मेख तिथंच. आमच्या खानापुरातल्या एका पोराला 1,000 चा बोनस मिळाला, म्हणजे आधी 30,000 चे डाव लावायचे. बोनस संपेपर्यंत एका डावाला 400 च्या वर जायचं नाही, हे अटींत पार खाली. पठ्ठ्यानं एकदाच 500 लावले, जिंकलाही! पैसे काढायला गेला तर जिंकलेलं सगळं रद्द. बरं, मर्यादा पाळली असती तरी? कॅसिनो सरासरी शंभराला चार ठेवतो असं धरा, 30,000 वर 1,200 गेले की, बोनसपेक्षा जास्त. त्यात 2025 च्या केंद्राच्या कायद्यानं पैशाचे ऑनलाइन खेळ बंदच. तक्रार घेऊन जाणार कुठं, बेळगावला की बेंगळूरला?