शिवराई चिंचेनं घासू नका, आणि पैसे तर मुळीच पाठवू नका

परवा आत्याचा जुळे सोलापुरातून फोन. "अरे, आपल्या देवघरातली शिवराई पाच लाखाला जाते म्हणं. नोंदणीचे दीड हजार भरू का?" तोवर तिनं शिवाजी महाराजांच्या नावाच्या त्या तांब्याच्या नाण्याची एक बाजू चिंचेनं घासलीसुद्धा होती. मग घरच्या ग्रुपवरचा तो मेसेज मी नीट वाचला.

"रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेने ५ लाख." साफ खोटं. जुन्या नाण्यांच्या व्यवहारात आम्ही नाही, त्यासाठी पैसे मागत नाही, असं बँकेनं २०२१ मध्येच जाहीर केलंय. दुर्मीळ आहे तो महाराजांचा सोन्याचा होन. तांब्याची शिवराई पुढे पेशवाईतही पाडत होते. साधी शिवराई आज काही शे रुपयांत मिळते.

"चकचकीत करून फोटो पाठवा." याचा सगळ्यात जास्त संताप आला. तांब्यावरचा काळपट थर तयार व्हायला वर्षानुवर्षं लागतात. चिंच तो खाऊन टाकते आणि घासताना अक्षरांची धार जाते. आत्याच्या नाण्यावर एकीकडे तीन ओळी आहेत: श्री, राजा, शिव. दुसरीकडे छत्र, पति. तिनं हीच बाजू घासली. 'पति'तला त आता बोटाला लागतच नाही.

"६ जून १६७४ पासून स्वराज्यात मुघल नाणे बंद, बाळगणाऱ्यास शिक्षा." कुठून आणतात हे? राज्याभिषेकाला रायगडावर हजर असलेल्या हेन्री ऑक्झिंडेन या इंग्रज वकिलानं लिहून ठेवलंय. इंग्रजांनी आपलं नाणं स्वराज्यात चालावं असं कलम तहात मागितलं. महाराजांचं उत्तर असं: मी कुठल्याच नाण्याला बंदी करत नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची सक्तीही करणार नाही, तुमचं नाणं कसाला आणि वजनाला मुघलांच्या नाण्याइतकं असेल तर खुशाल चालू द्या. स्वतःचं नाणं पाडणारा राजा रयतेचा तोटा आधी बघतो. शिक्षेची खोटी गोष्ट जोडून या मेसेजनं नेमकं तेच झाकलं.

"मराठ्यांच्या एकाही नाण्यावर फारसी अक्षर नाही." शिवराईपुरतं खरं, एवढं मान्य. मुघल, आदिलशाही नाण्यांवर अरबी-फारसी लिपी असताना महाराजांनी आपलं नाव देवनागरीत घातलं, ही स्वतंत्र राज्याची खूणच. पण पुढे मराठ्यांच्याच टांकसाळींतल्या कित्येक चांदीच्या रुपयांवर फारसीत मुघल बादशाह शाह आलमचं नाव आहे. सराफाला ओळखीचा रुपया लगेच चालायचा.

आत्याला सांगितलं, तो नंबर ब्लॉक कर. नाणं कोरड्या सुती कापडात गुंडाळ, आणि अभिषेकाच्या ताम्हनात आता ठेवू नको.