धोंडू हे नाव इंग्रजांनी ठेवलेलं नाही

सध्या फिरत असलेला फॉरवर्ड थोडक्यात असा: धोंडू, दगडू, केरू, भिकू ही नावं आपली नव्हेतच, जनगणनेच्या वेळी इंग्रजांनी आपल्याला हिणवायला ती लिहून ठेवली. खरं नाव धुंडिराज, त्याचा धोंडू केला. शेवटी सल्ला: घरातल्या म्हाताऱ्यांचं नाव आधारवर ‘शुद्ध’ करून घ्या, पितृदोष जाईल. लालबागच्या चाळीतल्या धोंडूआजोबांनी हे वाचून मुलामागे आधार केंद्राचा धोशा लावलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

इंग्रजांचं आधी उरकू. त्यांची पहिली जनगणना 1872 ची. बंडखोर धोंडिया वाघ 1800 मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजेशी लढताना पडला. ज्याच्या मागे इंग्रज धावले त्याचं बारसंही त्यांनीच केलं होतं काय? 1857 च्या उठावातल्या नानासाहेब पेशव्यांचं नाव धोंडोपंत, जन्म 1824 चा. आणि चर्चगेटच्या क्वीन्स रोडचा आज महर्षी कर्वे रोड झालाय. म्हणजे राणीला उठवून तिथे धोंडो केशव बसलेत.

‘पूर्वज फक्त देवांचीच नावं ठेवत’ हेही खोटं. ऐतरेय ब्राह्मणात अजीगर्त ऋषीचे तीन मुलगे आहेत: शुनःपुच्छ, शुनःशेप, शुनोलांगूल. तिन्हींचा अर्थ कुत्र्याची शेपटी! तेव्हा कुठला इंग्रज आला होता जनगणनेला?

कारण साधं आहे. मुलं जगत नसत. पाठोपाठ दोन-तीन गेली की पुढचं मूल कुणाच्या डोळ्यांत भरू नये म्हणून त्याला मुद्दाम ओबडधोबड नाव देत. दगडासारखं टिकावं म्हणून दगडू, धोंडू. जन्मल्यावर केरावर ठेवून उचललेला केरू. मुलगी वाटावी म्हणून नाक टोचलेला नथू. त्या नावांत आईबापांची धास्ती आहे, कुणाचा अपमान नाही.

आता धुंडिराज. हे गणपतीचं नाव आहे खरं, दादासाहेब फाळक्यांचंही तेच. एखाद्या घरात त्याचा लाडाने धोंडू झालाही असेल, तेवढं मान्य. म्हणून सगळे धोंडू धुंडिराज होत नाहीत.

हिणवणंही झालंय, पण ते आपणच केलं. एकाला धोंडोपंत, दुसऱ्याला धोंड्या. एकाला दगडूशेठ, दुसऱ्याला दगड्या. शेपूट कुठलं लावायचं हे जात आणि पैसा बघून ठरे. आणि ‘नकुशी’ कुणी ठेवलं? 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात 285 मुलींचं ते नाव समारंभ करून बदलावं लागलं. त्यावर फॉरवर्डमध्ये एक ओळ नाही.

सगळ्यात घातक तो आधारचा सल्ला. पूर्ण नाव बदलायला आधी राजपत्रात जाहिरात लागते, आणि आधारवर नाव जन्मात दोनदाच बदलता येतं. समजा, केलं धुंडिराज. पॅन, बँक पासबुक, पेन्शनचे कागद, सगळीकडे धोंडूच राहिला. आधार बदललं म्हणून ते आपोआप बदलत नाहीत. हयातीचा दाखला आधारवरून काढायला गेलं की नाव जुळत नाही. त्याहून वाईट गावाकडे: सातबाऱ्यावर धोंडू आणि पुढेमागे मृत्यूच्या दाखल्यावर धुंडिराज. वारस नोंदीला तलाठी विचारणार, हा माणूस कोण? मग दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्राची प्रत, चाकरमान्याच्या रजा आणि कोकणच्या फेऱ्या. त्यात एखादा भाऊबंद हरकत घ्यायला टपलेलाच असतो.

दुरुस्ती करायचीच तर उलट दिशेने करा. आधारवर ‘धोंडीराम’ आणि सातबाऱ्यावर ‘धोंडू’ असं आधीच झालं असेल, तर आजोबा हयात आहेत तोवर दोन्हीकडे एकच नाव करून घ्या.