खुलासा : गणपतराव 'सलग' अकरा वेळा नाहीत

"सांगोल्याचे गणपतराव देशमुख सलग ११ वेळा आमदार, एकदाही पराभव नाही" असा मेसेज सध्या सोलापूरच्या ग्रुपांवर फिरतोय. अकरा वेळा हे खरं. एकच मतदारसंघ, एकच पक्ष (शेकाप, म्हणजे शेतकरी कामगार पक्ष), हेही खरं. पण 'सलग' आणि 'एकदाही नाही' ही पदरची भर आहे.

आबा (गणपतराव) १९६२ला पहिल्यांदा निवडून आले, १९६७ला पुन्हा. १९७२ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे-पाटील जिंकले. १९७४च्या पोटनिवडणुकीत आबा परत आले, ते १९९०पर्यंत हटले नाहीत. १९९५ला मात्र काँग्रेसच्या शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी पाडलं. हो, 'काय झाडी, काय डोंगार'वालेच बापू! पुढे १९९९ ते २०१४ चारही वेळा आबाच.

'देशात सर्वाधिक वेळा' हाही दावा टिकत नाही. केरळात के. एम. माणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा जिंकले.

२०१९लाही ते जिंकले, असं काही जण ठोकून देतात. तेव्हा ते उभेच नव्हते. नातू अनिकेत शिवसेनेच्या शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. २०२४ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी जागा शेकापकडे परत आणली.

पडून पुन्हा निवडून येणं काय कमी आहे, की त्यावर खोटा मुलामा चढवावा? मेसेज पुढे ढकलायचाच असेल, तर 'सलग' आणि 'एकदाही पराभव नाही' तेवढं खोडा.