कुकरची रिंग मागितली तर म्हणे वहिनींना पाठवा

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. लांब होणार आहे, ज्यांना वेळ नाही त्यांनी लाइक करून पुढे जावं.

सकाळी दुकान उघडायच्या आधी बाजारात गेलो, कुकरची रिंग घ्यायला. कुकर पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, आतल्या झाकणाचा, आईच्या वेळचा. आठ दिवस झाले शिट्टी होत नाही, कडेनं नुसती फुसफुस वाफ जाते, डाळ शिजते पण सिलिंडर संपवून. रिंग कडक झालीय, वाकवली की भेगा दिसतात. म्हणजे रोग कळलाय, औषध पण माहितीये, फक्त ते औषध आख्ख्या चिपळूणच्या बाजारात कोणाकडे नाही.

पहिल्या दुकानात म्हणाला, "दादा, रिंगा ठेवणं सोडलं आम्ही. नवीनच घ्या ना, जुना द्या, एक्स्चेंज लावून देतो." मी म्हटलं नवीन नको, कुकर चांगला आहे, रिंग हवी. तर म्हणतो, "तुम्हाला नाही कळायचं कुठली बसते ती, वहिनींना पाठवा."

वहिनींना पाठवा!

अरे बाबा, वहिनी सकाळी सातच्या एसटीने शाळेत जाते आणि आमच्या घरात २०२१ पासून कुकर मी लावतो. तिला विचारलंस ना रिंग कुठली, तर ती तुला माझाच नंबर देईल.

आता २०२१ म्हटलं की चिपळूणवाल्यांना पुढचं सांगावं लागत नाही. २२ जुलै, वाशिष्ठी नदीचा पूर. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर चिखल. आई, बायको, मुलगी यांना गुहागरला ताईकडे पाठवलं आणि मागे राहिलो मी आणि बाबा. मदतीच्या किटमधून तांदूळ आला, तूरडाळ आली, वरच्या मजल्यावरच्यांनी त्यांचा एक भरलेला सिलिंडर दिला (त्यांचे उपकार कधी फिटणार नाहीत). पण शिजवायचं कशात? आईचा कुकर सापडला तिसऱ्या दिवशी, शेजारच्या परसात माडाच्या बुंध्याशी, तोंडापर्यंत गाळ भरलेला. झाकण आमच्याच मोरीत. शिट्टी गेली ती गेलीच, वाशिष्ठीने नेली.

तो कुकर मी धुतला, चार वेळा धुतला, आणि घेऊन गेलो स्टोव्हवाल्या चाचांकडे. जुन्या लोकांना आठवत असतील. बाजारात जिन्याखाली बसायचे, स्टोव्ह, छत्र्या, कुकर, कंदील, काय वाट्टेल ते. त्यांचं स्वतःचं सामान वाहून गेलेलं, तरी बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात सुटे भाग घेऊन परत जिन्याखाली हजर. रिंग घातली, शिट्टी दिली, हँडलचा गंजलेला स्क्रू काढून नवा मारला. पैसे फक्त सामानाचे. मजुरी विचारली तर म्हणाले, पूर संपू दे मग बघू.

तर सांगायचं काय, की आज दुसऱ्या दुकानात मला बाहेरच्या झाकणाच्या कुकरची रिंग हातात दिली आणि वर "चालतंय हो". कसं चालतंय? दोन जाती आहेत रे कुकरच्या. एक हॉकिन्ससारखा, झाकण आत जातं, वाफ झाकणाला आतून वर ढकलते आणि काठाला घट्ट बसवते. दुसरा प्रेस्टिजसारखा, झाकण बाहेरून फिरवून लागतं. १९५९ च्या आसपासपासून दोन्ही आपल्या देशात बनतायत, साठेक वर्षं झाली, आणि भांड्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला दोघांच्या रिंगेतला फरक कळू नये? वर मला म्हणतात तुम्हाला नाही कळायचं.

तिसऱ्याकडे मिळाली एक, पाकीट नाही, शिक्का नाही, "सगळ्याला बसते" वाली. जी सगळ्याला बसते ती कशालाच बसत नाही हे कळत होतं पण घेतली, कारण गणपती तोंडावर. घरी आणून लावली. परत फुसफुस. साठ रुपये पाण्यात. त्याच्याकडेच सेफ्टी व्हॉल्व्हपण मागितला, एखादा जास्तीचा असू दे घरात म्हणून, तर काय म्हणाला माहितीये? "त्याला काय होतंय, उडाला तर एमसील लावा, पुष्कळ लोक लावतात."

इथे माझं डोकं खरं फिरलं.

कारण तो व्हॉल्व्ह माझा उडालेला आहे. त्याच पुराच्या दिवसांत. चाचांनी कुकर करून दिला, मी घरी आलो, एका डब्यात डाळ, एका डब्यात तांदूळ, दोन्हीत पाणी बरोबर, आतलं झाकण बसवायलाच वीस मिनिटं गेली (तिरकं करून आत घालायचं, मग वर घ्यायचं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मी ते वरून दाबत होतो), कसंबसं बसलं, गॅस मोठा केला आणि बाबांना ऐटीत सांगितलं, आज वरणभात. आणि तळाला पाणीच घातलं नव्हतं. डब्यांच्या खाली कुकरमध्ये पाणी लागतं हे चाळीस वर्षं वरणभात खाऊन मला माहीत नव्हतं. आधी जळका वास आला, मग एकदम फुस्सकन आवाज आणि वाफेचा फवारा छतापर्यंत. बाबा ओरडले, मी खुर्चीसकट मागे. मला वाटलं फुटला.

फुटला नव्हता. सकाळी झाकण घेऊन चाचांकडे गेलो तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "बेटा, ह्यो उडाला म्हणून तू हायस." मग दाखवलं, त्या बटणाच्या मध्यभागी मऊ धातू असतो, कुकर कोरडा पडून तापला किंवा शिट्टीची नळी चोंदली की तो वितळतो आणि वाफेला वाट देतो. एकदा वितळला की काम झालं, नवा घालायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी त्या फ्रेंच पापाँने पहिला कुकर बनवला तेव्हासुद्धा वाफ सोडायला व्हॉल्व्ह बसवला होता त्याने, आणि २१व्या शतकात आमचा दुकानदार सांगतो एमसील लावा. उद्या कोणाच्या तोंडावर झाकण उडालं की मग म्हणणार कुकर धोक्याचा.

हे "कुकर धोक्याचा" प्रकरण पण मला ऐकवत नाही. माझी मुलगी यंदा पुण्याला गेली शिकायला. रूमवर तिघी, सामानात नवा कोरा तीन लिटरचा कुकर दिलेला, आणि महिना झाला तरी खोक्यात. रोज मॅगी नाहीतर डबा. का, तर भीती वाटते. मी चिडलो होतो फोनवर, खोटं कशाला बोलू. मग आठवलं, आपण खुर्चीसकट मागे पडलो होतो. मग व्हिडिओ कॉल लावून एका रविवारी सगळं दाखवलं, जसं मला चाचांनी दाखवलं तसंच, अगदी त्यांच्याच क्रमाने. आधी झाकण उजेडाकडे धर आणि शिट्टीच्या नळीतून बघ, आरपार उजेड दिसला पाहिजे, नाही दिसला तर सुईने साफ कर. तळाला दोन वाट्या पाणी, त्यात एक आमसूल टाक म्हणजे कुकर आतून काळा पडत नाही. डाळ डब्याशिवाय थेट लावलीस तर अर्ध्याच्या वर भरायची नाही, डाळीला फेस येतो आणि तो फेसच नळीत जाऊन बसतो, थोडं तेल-हळद घाल. पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक. हे तिला पटेना, म्हणे बाबा शिट्ट्या मोजायच्या ना? मोज गो, पण शिट्टी म्हणजे घड्याळ नव्हे, शिट्टी म्हणजे जास्तीची वाफ बाहेर गेली एवढंच. आत दाब धरला की पाणी शंभरऐवजी एकशेवीसच्या आसपास उकळतं, शिजतं ते त्याच्यावर, शिट्टीवर नाही. मोठ्या गॅसवर दणादण शिट्ट्या काढणं म्हणजे पैसे खिडकीबाहेर टाकणं. आणि कुकरमधली वाफ पडेपर्यंत हात लावायचा नाही. नळाखाली धरून घाईघाईत उघडणारे शूर लोक आहेत आमच्या नात्यात, त्यांचं ऐकायचं नाही.

पहिला भात गिचका झाला. दुसरा बरा. आता ती मला फोटो पाठवते, परवा चवळी केली होती.

बरं, आता मला कोणीतरी म्हणणारच, ऑनलाइन मागव. मागवली होती एकदा. फोटोत एक, आली दुसरी, परत पाठवायला कुरिअरवाला आमच्या आळीत यायला तयार नाही. आणि ऑनलाइनवाल्यांचं कौतुक मला सांगू नका, २०२१ च्या फेब्रुवारीपासून कुकरला आयएसआय सक्तीचा आहे, आयएस २३४७, तरी शिक्का नसलेले कुकर विकले म्हणून २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मोठ्या मोठ्या कंपन्यांना एकेक लाखाचा दंड केलाय. एक लाख! त्यांच्या चहाचा खर्च. असो, खरी रिंगपण मिळते ऑनलाइन, कंपनीच्या स्वतःच्या पानावरून घेतली तर, हे मान्य.

आणि अजून एक मान्य करतो, दात खाऊन. मी स्वतः दुकानदार आहे, स्टेशनरी. मला माहितीये रिंगेत काय सुटतं. पाच-सहा जातीच्या रिंगा, व्हॉल्व्ह, शिट्ट्या, हँडल, स्क्रू, सगळं भरून ठेवायचं, महिन्यात चार गिऱ्हाइकं येणार, पुरात गेलं तर विमापण नाही. डेड स्टॉक. कळतं मला. पण मी अजून पेनाच्या रिफिली ठेवतो. पाच रुपयांची रिफिल घ्यायला कोणी म्हातारे गुरुजी येतात, जुनं पेन उघडून काउंटरवर ठेवतात, मी चार लावून बघतो आणि पाचवी बसते. त्यांना मी कधी म्हटलं नाही की गुरुजी नवीन पेन घ्या, आणि बाईंना पाठवा तर नाहीच नाही.

चाचांचा तो बिस्किटाचा डबा डोळ्यासमोर येतो. प्रत्येक रिंग कागदात गुंडाळलेली, वर पेन्सिलीने लिटर आणि "आत" किंवा "बाहेर". बस्स, एवढंच लिहिलेलं. माणूस आला की पहिला प्रश्न, झाकण आत का बाहेर? दुसरा, किती लिटर? तिसरा, जुनी आणलीस का? जुनी रिंग नेली तर तिच्यावरच बारीक अक्षरात नंबर असतो, नसला तर मापाला मिळतेच. एकच रिंग दोन-तीन वेगवेगळ्या लिटरच्या कुकरांना चालते आणि एकाच लिटरच्या दोन कुकरांना वेगळी लागते, हे पण त्यांनीच सांगितलं. आणि झाकणाला रिंग लावून कुकर बंद करून ठेवू नकोस रे, धुवून, पुसून खुंटीला लाव, आपली हवा दमट, रबर चिकट होतं. मी खुंटीला लावतो. अजून लावतो. म्हणून माझी रिंग टिकली इतकी.

चाचा गेले मुंब्र्याला मुलाकडे, गुडघ्यामुळे. जिन्याखाली आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. कव्हरंपण लागतात लोकांना, लागत नाहीत असं नाही. पण त्या कव्हरवाल्या पोरालाच आज विचारलं, इथे एक डबा होता रे पत्र्याचा? म्हणाला, काका, भंगारात दिला.

त्यावर काही बोललोच नाही. दुकान उघडलं, दुपारपर्यंत गिऱ्हाइकांवर उगाच खेकसलो, त्यांची माफी.

तर आता काम. गणपती आला, घरात वीस माणसं, दिवसाला चार वेळा कुकर, आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं कुकरशिवाय करायचं तर पहाटे तीनला उठायला लागेल, रात्रभर भिजवले तरी ते साध्या पातेल्यात दमवतात. मुंबई-पुण्याचे जे चाकरमानी यंदा येतायत आणि ही पोस्ट इथपर्यंत वाचलीय त्यांनी येताना पाच लिटर, आतलं झाकण, कंपनीची पाकीटबंद रिंग आणि एक सेफ्टी व्हॉल्व्ह आणावा. पैसे रोख. वर सांबारं आणि वडे.

एडिट, रात्री साडेनऊ: मुलीने पोस्ट वाचली. कॉलेज सुटल्यावर तुळशीबागेत गेली, तिथून व्हिडिओ कॉल. दुकानदाराने तिला विचारलं झाकण आत का बाहेर, तिने सांगितलं आत. किती लिटर, पाच. मग मला म्हणते, बाबा जुन्या रिंगेवरचा नंबर वाचा, मी टॉर्च लावून, चष्मा लावून, तो वाचला. व्हॉल्व्हपण घेतला. मला न विचारता तीन रिंगा घेतल्यात तिने. एक आम्हाला, एक तिच्या काकूला. तिसरी उरलीय, आतलं झाकण, पाच लिटर, कोणाला हवी असेल तर इनबॉक्स करा. आहे त्या किमतीत देईन, फुकट नाही.