‘एक्सएमएल मेलंय, एचटीएमएल ओता नि मोकळे व्हा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरवाल्यांना बिलं, स्टॉक, येणी दाखवणारी वेब अ‍ॅप्लिकेशनं करून देणारे आम्ही सोलापुरात बरेच जण आहोत. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा मथितार्थ असा: एक्सएमएल मेलंय, कुणी दिलंच तर जेसन करून घ्या, काही हरवत नाही, नाहीतर ब्राउझरलाच एक्सएसएलटी लावू द्या, फुकटात होतं, आणि आलेलं एचटीएमएल इनर-एचटीएमएलने कंपोनंटमध्ये ओता. (नवख्यांसाठी: एक्सएमएल म्हणजे प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावून लिहायची पद्धत, जेसन ही याद्या आणि ऑब्जेक्टांची सुटसुटीत पद्धत, एक्सएसएलटी ही एक्सएमएलचं दुसऱ्या रूपात रूपांतर करायची भाषा, एचटीएमएल ही वेबपानाची भाषा, कंपोनंट म्हणजे पानाचा एक स्वतंत्र तुकडा, आणि इनर-एचटीएमएल म्हणजे त्यात तयार एचटीएमएल थेट भरायची सोय.) फॉरवर्ड करणाऱ्यांत निम्मे माझेच मित्र आहेत, म्हणून हा खटाटोप.

‘मेलंय’ यावर फार बोलत नाही. वर्डची डॉक्सएक्स फाइल झिपसारखी उघडून बघा, आत एक्सएमएलच सापडेल. आणि आपल्या गिऱ्हाइकाचं हिशेबाचं सॉफ्टवेअर जे एक्सएमएल बाहेर काढतं ते तुम्हाला-मला विचारून काढत नाही.

‘जेसन करा, काही हरवत नाही’ हे मात्र महागात पडतं. मला पडलंय. बिलात तीन वस्तू असल्या की रूपांतर करणारी लायब्ररी त्यांची यादी बनवते. वस्तू एकच असली की तिला ती यादी वाटतच नाही, सुटा ऑब्जेक्ट हातात येतो. माझ्या चाचणीच्या सगळ्या बिलांत टॉवेल, नॅपकिन, चादर असं काही ना काही एकत्र होतं. पहिल्याच दिवशी नुसत्या नॅपकिनचं बिल आलं आणि कंपोनंट कोरा. ‘मॅप’ (यादीतली एकेक वस्तू घेऊन दाखवणारी क्रिया) चालवायला समोर यादीच नव्हती. ‘ही वस्तू एकदाच आली तरी यादीच’ हे स्कीमाला (फाइलीचा आकार ठरवणाऱ्या नियमांना) ठाऊक असतं, लायब्ररीला कुणीतरी सांगावं लागतं. वाक्याच्या मधेच एखादा टॅग आला, तर मजकुराचा आणि टॅगचा क्रमही बऱ्याच लायब्रऱ्या विस्कटून टाकतात.

त्याच बिलाच्या फाइलीत एका ठिकाणी ४ क्रमांकाचं कंट्रोल कॅरेक्टर होतं. एक्सएमएल १.० ला ते मुळीच चालत नाही, ‘’ असा संकेत म्हणून लिहिलं तरी नाही. ब्राउझरचा डीओएम-पार्सर (एक्सएमएल वाचून देणारा भाग) अशा वेळी एरर फेकत नाही. मुकाट्याने ‘पार्सर-एरर’ नावाचा घटक असलेला डॉक्युमेंट परत देतो. तो घटक तुम्ही तपासला नाहीत, तर तुमचं ट्राय-कॅच (फेकलेली एरर पकडणारा कोड) शोभेपुरतं.

आता ब्राउझरमधलं फुकट एक्सएसएलटी. इथे मेसेज एकेकाळी खरा होता. एक्सएसएलटी १.० हे १९९९ चं, आणि ब्राउझर तिथेच थांबले, २.० आणि ३.० त्यांनी कधी घेतलंच नाही. वर २०२५ मध्ये क्रोमने जाहीर केलं की हा आधार काढून टाकणार, कारण त्यामागची जुनी लायब्ररी सुरक्षेच्या दृष्टीने डोकेदुखी झाली आहे. फायरफॉक्स आणि सफारीवाल्यांचा कलही तिकडेच. म्हणजे आज त्या वाटेने नवं काम सुरू करणं म्हणजे पाडायला काढलेल्या वाड्याला रंग देणं. स्टाइलशीट (एक्सएसएलटीत लिहिलेले रूपांतराचे नियम) ही जेकार्डच्या कार्डांसारखी असते: सूत तेच, कार्डं बदलली की नक्षी बदलते. पण कार्डं आणि माग कारखान्यात असतात, गिऱ्हाइकाच्या घरी आपण चादर पाठवतो. रूपांतर सर्व्हरवर करा. तिथे सॅक्सनसारखं ३.० पेलणारं इंजिन मिळतं. ब्राउझरमध्येच हवं असा हट्ट असेल तर सॅक्सन-जेएस आहे. ते स्वतःचं इंजिन सोबत आणतं, क्रोमच्या मर्जीवर राहत नाही.

राहिलं ओतणं. स्टाइलशीटचं आउटपुट ‘एचटीएमएल’ऐवजी ‘एक्सएमएल’ पद्धतीचं ठेवलं, तर रिकामा डिव्ह (पानावरची चौकट) स्वतःच मिटलेल्या टॅगसारखा लिहिला जातो. इनर-एचटीएमएलला तशी मिटवामिटवी मान्य नाही, तो डिव्ह उघडाच समजतो आणि पुढचं सगळं त्याच्या पोटात जातं. माझ्याकडे शेऱ्याची चौकट पिवळी होती. शेरा नसलेलं बिल उघडलं की तिथून खालचं अख्खं पान पिवळं, बाळ्याच्या खंडोबाला भंडारा उधळल्यासारखं. सीएसएसमधली (रंगरूपाच्या नियमांतली) चूक शोधण्यात माझी दुपार गेली, दोष होता आउटपुटच्या एका शब्दात.

सुरक्षेबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर एक्सएसएलटी मजकुरातली चिन्हं आपणहून एस्केप करतं (टॅग न होता साधी अक्षरंच राहतील अशी लिहितं), तेवढ्यापुरता मजकुरातून कुणी घातक कोड घुसवण्याचा धोका कमी. पण पार्टीच्या नावातलं अँपरसँड (&) नीट दिसेना म्हणून कुणीतरी डिसेबल-आउटपुट-एस्केपिंग (हे एस्केप करणं बंद करणारा पर्याय) लावतो, आणि दार उघडतं. ‘इनर-एचटीएमएलने घातलेला स्क्रिप्ट टॅग चालत नाही’ हे खरं. चित्राच्या टॅगवरचं ऑन-एरर (चित्र आलं नाही तर चालणारा कोड) मात्र चालतं. रिअ‍ॅक्टने (कंपोनंट बनवायच्या लायब्ररीने) या गुणधर्माच्या नावातच ‘डेंजरसली’ घातलंय, ते उगाच नाही. शिवाय मजकूर बदलला की आतलं सगळं पुसून नव्याने बसतं. गिऱ्हाईक रकान्यात काही टाइप करत असेल तर तेही गेलं.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. सर्व्हरवर एक्सएमएलमधून नीट आकाराचा डेटा काढायचा, यादी म्हणजे यादीच, आणि कंपोनंटला तोच द्यायचा. रुपये कसे दिसावेत हे कंपोनंट ठरवतो. एक्सएसएलटी १.० च्या फॉरमॅट-नंबरला १२,३४,५६७ जमत नाही, ते १,२३४,५६७ करतं, आणि असं बिल बघून नवी पेठेतला कुठलाही व्यापारी आधी तुमच्याकडे संशयाने बघेल. ब्राउझरचं इंटल-नंबर-फॉरमॅट ‘एन-आयएन’ (भारतीय इंग्रजी) दिलं की लाखाचा स्वल्पविराम जागेवर टाकतं. ‘एमआर-आयएन’ (मराठी) दिलं तर आकडेही देवनागरी.

ओतायला माझी हरकत नाही अशी एकच जागा: निर्यातीच्या अटी-शर्तींसारखा लांबलचक मजकूर, ज्यात कुणी काही टाइप करणार नाही, काही क्लिक करणार नाही. तो सर्व्हरवर रूपांतरित करून, सॅनिटायझरमधून (घातक कोड काढून टाकणाऱ्या लायब्ररीतून) गाळून, स्वतंत्र चौकटीत मीही सोडतो. आउटपुट ‘एचटीएमएल’ ठेवून.