कौलं परतायचे दोन दिवस

मे महिन्यात राजापूरकडच्या आमच्या घरी गेलो होतो. एका दुपारी खालची दारं-खिडक्या लावून माळ्यावर चढलो. अंधाराला डोळे सरावले तसे वर बारीक बारीक कवडसे दिसायला लागले. काचेच्या कौलाचा उजेड सोडून मोजले, तर 14. म्हणजे 14 ठिकाणी पाणी आत येत होतं आणि खाली ओटीवर त्याचा पत्ताच नव्हता.

त्यातला एक कवडसा 3 वर्षांपूर्वीचा. वानरांनी मागच्या पाख्यावरचं, म्हणजे छपराच्या मागच्या उतारावरचं, एक कौल सरकवलं होतं. काका तेव्हाच फोनवर म्हणाले होते, "जरा बघून घे रे." मी म्हटलं, गणपतीत येतोच आहे. पण गणपतीत धो धो पाऊस. शेवाळलेल्या कौलांवर कोण चढणार? माळ्यावर बादली ठेवली आणि पाचव्या दिवशी मुंबईला परतलो. या वर्षी सुताराने त्या कौलाखालच्या वाशाला पटाशी लावली, ती लोण्यात जावी तशी आत गेली. ऐनाचा वासा, आजोबांच्या हातचा. सरकलेलं कौल जागेवर बसवायला 5 मिनिटं लागली असती.

म्हणून कळकळीने लिहितोय. कौलारू घर पावसाने मरत नाही. आमच्या कोकणात हा पाऊस पिढ्यान् पिढ्या पडतोय आणि त्याखाली शंभरी गाठलेली घरं उभी आहेत. पण ती उभी राहिली कारण दर वर्षी मृगाआधी शाकारणी, म्हणजे छपराची डागडुजी, व्हायची. नळ्यांची, म्हणजे अर्धगोल कौलांची, घरं होती तेव्हा तर सगळे नळे उतरवून परतावे लागायचे, अख्खी वाडी एकमेकांच्या घरावर चढायची. मंगलोरी कौलं आली (मंगळुरात बासेल मिशनने 1865 साली पहिला कारखाना काढला) आणि काम खूप हलकं झालं. खाचेत खाच बसते, मागचा टेकू रिपेला (वाशांवरच्या आडव्या पट्टीला) अडकतो. काम हलकं झालं, पण संपलं नाही. हे आपण विसरलो.

आणखी एक गोष्ट गेली, ती म्हणजे चुलीचा धूर. वासे काळे पडायचे, पण वाळवी आणि भुंगा लांब राहायचा. आता गॅस आहे आणि घर 10 महिने बंद. त्यामुळे लाकडाकडे मुद्दाम बघावं लागतं. वाशाखाली पिठासारखा भुसा दिसला की समजायचं, आत कोणीतरी आहे. आमच्याकडे सुकलेल्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. हाताला लागलं तर कातडी भाजते, म्हणून जपून.

आम्ही 3 माणसांनी 2 दिवस काम केलं. शेवाळ सुकं असतानाच काथ्याच्या ब्रशने घासलं. जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका, पाणी उलटं कौलाखाली शिरतं. दोन पाखे मिळतात त्या पन्हळीतून घमेलंभर फणसाची पानं निघाली. पाणी तुंबून आत उलटत होतं ते तिथेच. घरावर आलेली फांदी तोडली. फुटलेली 9 कौलं बदलली, आणि इथे एक अडचण आली. प्रत्येक कारखान्याच्या कौलाची खाच थोडी वेगळी, दुसरं कौल नीट बसतच नाही. कौलावर उठवलेलं नाव बघून शोधत फिरलो. शेवटी शेजारच्या गावात एक घर उतरवलं होतं, तिथे त्याच नावाची 40 मिळाली. उरलेली पडवीत रचून ठेवली आहेत. घर उतरवणारा कोणी भेटला तर कौलं सोडू नका.

सरकलेल्या कौलाला सिमेंट लावून टाकणाऱ्यांना हात जोडून सांगतो, असं करू नका. पुढच्या वेळी ते एक काढताना शेजारची 4 फुटतात.

वरून पत्र्याची शेड मारावी, असं निम्म्या गावाचं मत आहे. ज्यांच्या घरी फक्त म्हातारी माणसं आहेत त्यांची अडचण मला कळते, त्यांना नावं ठेवणार नाही. पण पत्रा घातला की वर बघायची सवयच जाते. आणि 3 जून 2020 ला निसर्ग वादळात दापोली-श्रीवर्धनकडे पत्रेही उडाले आणि कौलंही. वारा वळचणीखालून शिरतो आणि कडेची कौलं आधी उचलतो. म्हणून आम्ही यंदा वळचणीच्या खालच्या 2 ओळी तारेने रिपेला बांधून घेतल्या.

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या माझ्यासारख्यांनो, गणपतीला भिंतींना रंग लावायला आपण हौसेने पैसे देतो. त्यातले 2 दिवस आणि थोडे पैसे मे महिन्यात छपराला द्या.

परवा काकांचा फोन आला. चार दिवस जोरदार पाऊस झाला, माळा कोरडा आहे, फक्त पन्हळीजवळ एक थेंब येतोय. त्यांनी वाशावर खडूने खूण करून ठेवली आहे. तो दिवाळीत बघायचा, ऊन पडल्यावर. या वेळी तिकीट आत्ताच काढलंय.