‘साठीनंतर एकट्यानं प्रवास नको’ : त्या संदेशाला माझं उत्तर

गेले पंधरा दिवस एक संदेश आमच्या साताऱ्यात घरोघरी फिरतोय. मला तो माहेरच्यांकडून आला, जुन्या शाळेतल्या बायकांकडून आला, ज्येष्ठ नागरिक संघातून आला आणि शेवटी सख्ख्या भाच्यानंही पाठवला, खाली जोडलेले हात घालून. संदेश लांबलचक आहे. त्याचं सार असं: साठी उलटली की एकट्यानं प्रवास करू नका. शरीर साथ देत नाही, वाटेत काही झालं तर तोंडात पाणी घालायला कुणी नसतं. एकटं माणूस, त्यातून बाई, म्हणजे चोराचिलटांना आयतं सावज. मुलांच्या जिवाला घोर लागतो आणि चार लोक त्यांना नावं ठेवतात. एकट्याला खर्च दुप्पट येतो. हे परदेशी खूळ आहे, आपली रीत नव्हे. आणि पाहिलेलं सांगायला शेजारी कुणी नसेल तर त्या पाहण्यात आनंद तो कसला?

मी सदुसष्ट वर्षांची आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. हे जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मी नऊ प्रवास एकटीनं केले. त्यातले दोन फसले, तेही सांगते. संदेश लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मी म्हणत नाही. पण तो वाचून माझ्या ओळखीच्या तीन बायकांनी ठरवलेलं जाणं रद्द केलं, म्हणून गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा शरीराचा. तो खराच आहे, म्हणून त्यावरच जास्त बोलते.

वाटेत काही झालं तर? मला झालं. महेश्वरला गेले होते, अहिल्याबाईंचा घाट पाहायला. दुसऱ्या रात्री पोट बिघडलं. पहाटेपर्यंत उठबस करून अंगात त्राण राहिलं नाही. पलंगावरून खाली पाय टेकवला तर डोळ्यांपुढे अंधारी आली, तशीच भिंतीला धरून खाली बसले. त्या वेळी घाबरले का? खूप घाबरले. पण पिशवीत जलसंजीवनीची पाकिटं होती. भिंत धरत दारापर्यंत गेले, लॉजवरच्या पोराला हाक मारली. त्यानं पाण्याच्या बाटल्या आणून दिल्या, दुपारी त्याच्या आईनं दहीभात पाठवला. माझ्या पिशवीत एक कागद कायम असतो, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहिलेला. त्यावर नाव, रक्तगट, रक्तदाबाच्या गोळ्यांची मूळ औषधाची नावं, कशाची ॲलर्जी आहे ते आणि मुलाचा नंबर. तो कागद त्या पोरानं डॉक्टरांना नेऊन दाखवला. डॉक्टर येऊन तपासून गेले. मी दोन दिवस झोपून काढले आणि तिसऱ्या दिवशी घाटावर जाऊन बसले.

आता दुसरी गोष्ट. माझी धाकटी नणंद इथं शनिवार पेठेत, स्वतःच्या घरात, ओल्या फरशीवर घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. घरात तेव्हा तीन माणसं होती. म्हातारपणी पडण्याचे बरेचसे प्रकार घरात नाहीतर घराच्या आसपासच होतात, हे कुठलाही हाडांचा डॉक्टर सांगेल. घरी राहिलं म्हणजे सुरक्षित, हा हिशेबच मला पटत नाही.

खरे धोके वेगळे आहेत आणि संदेशात त्यांचा शब्दही नाही. एक म्हणजे पाणी. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या भीतीनं बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत. मग चक्कर येते, लघवीची जळजळ सुरू होते आणि लोक म्हणतात, ‘प्रवास बाधला.’ प्रवास नव्हे, कोरडा घसा बाधला. दुसरा धोका एकाच जागी सहा-सात तास बसून राहण्याचा. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. म्हणून गाडीत तासा-दीड तासानं उठून दोन फेऱ्या मारायच्या, बसमध्ये जागच्या जागी घोटे फिरवायचे. तिसरा, गोळ्या मोठ्या बॅगेत ठेवण्याचा. बॅग चुकली की गोळ्याही गेल्या. त्या हातातल्या पिशवीत हव्यात आणि परतीला उशीर झाला तर चार दिवस पुरतील इतक्या जास्तीच्या.

आणि काही ठिकाणी या वयात एकटं जाऊच नये, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन. आमचा सातारा समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटरवर. लेह आहे ३,५०० मीटरवर. तिथं विमानानं उतरल्यावर पहिले एक-दोन दिवस खोलीत पडून राहायचं असतं आणि दम लागतोय का, डोकं दुखतंय का, याकडे लक्ष ठेवायला दुसरं माणूस लागतं. मी लेहला गटाबरोबर गेले. त्यात मला कमीपणा वाटला नाही.

चोराचिलटांचा मुद्दा. माझा पहिलाच एकटीचा प्रवास हंपीचा. साताऱ्याहून मिरज आणि मिरजेहून हरिप्रिया. ही गाडी होस्पेटला पोचते तेव्हा रात्र झालेली असते. वेळापत्रकात ते दिसत होतं, पण मी त्याचा विचार केला नाही, ही माझी चूक. फोनवर खोली ठरवलेल्या लॉजवर गेले तर गल्ल्यावरचा माणूस म्हणाला, एकट्या बाईला आम्ही खोली देत नाही. आधार कार्ड दाखवलं, वय दाखवलं. नाहीच म्हणाला. बाहेर रस्त्यावर बॅग घेऊन उभी राहिले तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्या रिक्षावाल्यानं मला तिथं सोडलं होतं तो गेला नव्हता, थांबला होता. त्याला मराठी येत नव्हतं, मला कानडी येत नव्हतं. त्यानं मला एका कुटुंबाच्या लॉजवर नेलं, तिथल्या बाईंशी तो बोलला आणि खोली मिळाल्यावरच निघाला. जास्तीचे पैसे देऊ केले तर त्यानं घेतले नाहीत.

रिक्षावाला भला निघाला, ते माझं नशीब. नशिबावर प्रवास आखू नये. तेव्हापासून माझा नियम आहे की परगावी पोचायचं ते उन्हं असताना, दुपारी चारच्या आत. खोली ठरवताना फोनवर पहिलंच वाक्य, ‘मी एकटी आहे, वय सदुसष्ट, चालेल ना?’ पैशांपैकी थोडे पर्समध्ये, बाकीचे परकराला आतून शिवलेल्या खिशात. ११२ हा मदतीचा नंबर, रेल्वेचा १३९ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे तिन्ही मोबाइलमध्ये आणि त्या कागदावरही. आणि इथंही घरच्याच गोष्टीकडे बघा. आमच्या आळीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे पैसे गेले ते घरात आरामखुर्चीत बसून, फोनवरच्या माणसाला ओटीपी सांगून.

खर्चाचा मुद्दा अर्धा खरा आहे. सहल कंपन्यांत एकट्यासाठी स्वतंत्र खोली घेतली तर चांगले जास्तीचे पैसे पडतात. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत पुरुषांना ४० टक्के आणि बायकांना ५० टक्के होती. ती मार्च २०२० मध्ये बंद केली, त्याचा चटका मलाही बसला. पण दुसरी बाजूही सांगा की. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना एसटी मोफत आहे, पासष्ट ते पंचाहत्तर वयाला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट. हे राज्याच्या हद्दीपुरतंच, पण आपलं राज्य काही लहान नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. रेल्वेत खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, साठीच्या पुढच्या पुरुषांना आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायकांना. पण तो मिळतो तिकिटावर एकटं असाल किंवा असे दोघंच असाल तर. सगळं कुटुंब एका तिकिटावर घातलं की आजीला वरचा बर्थ येतो आणि मग अख्खा डबा अदलाबदलीच्या विनवण्या करत फिरतो. एकटीनं तिकीट काढायला लागल्यापासून मला बहुतेक वेळा खालचीच जागा मिळाली आहे.

‘आपली रीत नव्हे’ याला उत्तर द्यायला साताऱ्याच्या माणसाला लांब जावं लागू नये. दरवर्षी माउलींची पालखी नीरा ओलांडून आपल्याच जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम होतात. मी लोणंदला पाणी वाटायला जाते. डोक्यावर तुळस घेतलेल्या सत्तरीच्या बायका असतात आणि त्यांतल्या कितीतरी जणींच्या घरचं कुणीही सोबत नसतं. दिंडी असते, पण नवरा, मुलगा, सून नसते. नर्मदेची परिक्रमा साधारण २,६०० किलोमीटर. निवृत्तीनंतर ती एकट्यानं पायी करणारी मराठी माणसं आजही आहेत. आपल्याकडे काशीला जायचं ते उतारवयातच जायचं. जबाबदाऱ्या संपल्यावर घराबाहेर पडायचं, हे कुणी परदेशातून आणून दिलेलं नाही.

आता मुलांचा घोर. या मुद्द्यापाशी मी अडखळते, कारण माझ्या हातून इथं चूक झाली.

महेश्वरला आजारी पडले ते मी मुलाला तीन दिवसांनी सांगितलं. वाटलं, पुण्यात बसून तो उगाच काळजी करेल. तो फोनवर इतका चिडला की नुसता गप्प झाला. नंतर म्हणाला, ‘आई, तू आजारी पडलीस म्हणून मी चिडलो नाही. तू मला सांगितलं नाहीस. आता तू बरी आहे म्हणालीस तरी मी खरं कसं धरू?’ त्याचं बरोबर होतं. नंतर आम्ही बसून ठरवलं. तिकिटांचे फोटो, लॉजचा नंबर आणि मोबाइलवरून माझा ठावठिकाणा त्याच्याकडे असायचा. रोज रात्री आठला माझे दोन शब्द जाणार, ‘जेवले, बरी.’ नऊपर्यंत आले नाहीत तर तो लॉजवर फोन करणार. बरं नसेल तर तेही लिहायचं, लपवायचं नाही. हे ठरल्यापासून त्याचा घोर कमी झालाय, हे मला त्याच्या आवाजावरून कळतं.

माझं सगळं म्हणणं इथंच आहे. मुलांनी आईवडिलांकडे तयारी मागावी. तिकीट दाखव, गोळ्या दाखव, रोज कळव, हे सगळं हक्कानं मागावं. घरी बस, हे मागू नये. आणि ‘लोक काय म्हणतील’ हे तर कुणीच मागू नये. माझ्या सुनेला एका लग्नात विचारलं गेलं, ‘सासूबाईंना एकट्यांना पाठवता?’ ती म्हणाली, ‘पाठवत नाही, त्या जातात.’

राहिला शेवटचा मुद्दा, की सांगायला कुणी नसेल तर आनंद कसला.

संध्याकाळ अवघड जाते, हे खरं आहे. दिवेलागणीची वेळ, अनोळखी खोली, खिडकीबाहेर दुसऱ्याच भाषेतले आवाज. हे असते तर आत्ता चहा मागितला असता, असं वाटून घसा दाटतो. सहा वर्षांत ते गेलेलं नाही आणि जाईल असं मला वाटतही नाही. त्या वेळी मी वहीत दिवसाचा जमाखर्च लिहिते आणि खाली जेवायला उतरते. कुणी ना कुणी बोलतं.

पण दिवसाचं काय? लग्नानंतर मी यांच्याबरोबर पुष्कळ फिरले. हे हौशी होते. मी डब्यांची, पाण्याची, मुलांच्या स्वेटरांची मोजदाद करत फिरले. अजिंठ्याचं मला आठवतं ते धाकट्याला उलटी झाली होती ते. चित्रं आठवत नाहीत.

हंपीला विठ्ठलाचं देऊळ आहे, दगडी रथामागे. आत मूर्ती नाही. परंपरा सांगते की विजयनगरच्या राजानं पंढरपूरचा विठोबा तिकडे नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेली गोष्ट. त्या गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी मी उभी राहिले. आत अंधार, दगडाचा गारवा आणि वटवाघळांचा उग्र वास. बाहेर सहलीची माणसं फोटो काढून पुढे जात होती. मी मंडपातल्या एका खांबाला टेकून बसले. खांबावरच्या कोरीव घोड्याचा पाय माझ्या खांद्याशी येत होता, हातांनी शिवून शिवून गुळगुळीत झालेला. कुणी ‘चल’ म्हटलं नाही, कुणाला भूक लागली नव्हती. दोन तास बसले. इतका वेळ मी आयुष्यात कुठल्याही देवळात बसलेली नाही. तेव्हा शेजारी कुणी नव्हतं. सांगितलं मात्र पुष्कळांना. आमच्या आळीतल्या आक्कांना तर तीनदा.

आक्का एकाहत्तर वर्षांच्या. रद्द करणाऱ्या तिघींतल्या एक. पंढरपूरला जायचं होतं, मुलाला सुट्टी मिळेना, आणि हा संदेश आला. परवा त्यांना घेऊन स्टँडवर गेले, नुसतं बघायला. आयुष्यात त्यांनी स्वतः तिकीट काढलेलं नाही. फलाटावरची पाटी त्यांनी मोठ्यानं वाचली, कंडक्टरला आधार कार्ड दाखवून अर्धं तिकीटच ना, हे दोनदा विचारून घेतलं. परतताना पोवई नाक्यावर थांबून त्यांनी पर्समधली गोळ्यांची डबी काढली आणि विचारलं, ‘चार दिवसांच्या जास्तीच्या म्हणालीस ना? मग ही डबी पुरायची नाही.’ आम्ही तिथंच मोठी डबी घेतली. गुरुवारी सकाळची गाडी आहे.